सुंठमिरीचे पेढे

तात्या देवळातून आले ते एकाच पायात चप्पल घालून.

दुकानाच्या पायरीवर त्यांनी नेहमीसारखा उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला, आत येऊन गादीवर टेकले आणि मला म्हणाले, "कल्याणी, भट्टी पेटली का गं?"

मी त्यांच्या पायांकडे बघत होते. "तात्या, दुसरी चप्पल कुठंय?"

त्यांनी खाली पाहिलं. पायाची बोटं हलवून पाहिली, जशी काही ती दुसऱ्याच कुणाची होती. "होती की गं मघाशी."

"मारुतीला दिली असेल," शिरीष गल्ल्यावरून म्हणाला. शिरीष म्हणजे माझा नवरा. गंभीर प्रसंगी चेष्टा करायची ही त्याची जन्मजात खोड. "तोही बिचारा अनवाणीच असतो."

चप्पल सापडली चावडीपाशी, रस्त्याच्या मधोमध. म्हणजे तिथून दुकानापर्यंत आमचे सासरे एक पाय अनवाणी टाकत खडीवरून चालत आले होते आणि त्यांना पत्ताच नव्हता. आम्ही दोघं पोट धरधरून हसलो. मग पाय धुताना त्यांच्या टाचेत रुतलेला काचेचा तुकडा मला दिसला. टाच रक्ताने माखली होती.

"दुखत नाही?" मी विचारलं.

"नाही गं. काही कळतच नाही," तात्या म्हणाले आणि काच बोटात धरून कौतुकाने बघत बसले.

ही गोष्ट मी लग्न होऊन रहिमतपूरला आले त्यानंतर पाचव्या वर्षीची. आमच्या दुकानाला तेव्हा पाटी नव्हती. पाराजवळचे पेढे म्हटलं की साताऱ्यापर्यंत लोकांना कळायचं. पुढे गल्ला, मागे भट्टी आणि भट्टीमागे घर. माझ्या सासूबाई आमच्या लग्नाआधी गेल्या. आई गेल्यावर लग्न करायचं तर वर्षाच्या आत, नाहीतर तीन वर्षं थांबा, असा रिवाज. त्यामुळे आमचं लग्न घाईघाईने उरकलं होतं. घरात बाई माणूस मी एकटीच. सासरचं वळण सांगायला कुणी नाही. म्हणून मी शिरीषलाच विचारलं होतं, आई काय काय करायच्या ते सांग. त्याला एवढंच आठवलं, "आई रोज चार वाजता तात्यांना ग्लासभर दूध द्यायची. सायीचं. वेलची घालून."

तेवढं मी धरून ठेवलं. सण चुकला असेल, एखादा कुळाचार राहिला असेल, पण चार वाजताचं दूध कधी चुकलं नाही. तात्या भट्टीपाशी बसलेले असत. मी ग्लास ठेवायची, ते म्हणायचे, "ठेव, गार होऊ दे," आणि थोड्या वेळाने मला रिकामा ग्लास मिळायचा. सून म्हणून माझी सगळी ऐट त्या ग्लासावर उभी होती.

तात्यांचं काम बघण्यासारखं असे. खवा कढईत परतत आला की सराट्याच्या टोकावरून चिमूटभर उचलायचे, अंगठा आणि तर्जनीमध्ये चोळायचे, डोळे मिटायचे. मग एक तर म्हणायचे "झाला", नाहीतर "अजून." चव बघायची पद्धत नाही. पहिला घाणा देवाचा, त्याआधी जिभेला लावायचा नाही. जे काही आहे ते बोटांत. त्या बोटांवर आमचं घर चाललं होतं.

आणि त्याच वर्षी ती बोटं चुकायला लागली होती. एकदा खवा कच्चा उतरला, पेढे दुसऱ्या दिवशी आंबूस झाले. एकदा करपला. गिऱ्हाईक जुनं, तोंडावर कुणी बोललं नाही, पण उरलेले पेढे बोलायचेच. तात्या बोटं चोळून चोळून बघत आणि म्हणत, "हातमोजे घातल्यासारखं झालंय गं." चप्पल हरवली त्या दिवशी दुपारी त्यांनी शिरीषला सांगून टाकलं, "दसऱ्यापर्यंत बघू. नाहीतर मोठी कढई विकून टाकायची. ज्याला खवा कळत नाही त्यानं पेढे करू नयेत."

शिरीषला त्यावर एकही विनोद सुचला नाही. त्यावरून प्रकरण किती गंभीर आहे ते मला समजलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तात्यांना डॉक्टर भोईट्यांकडे नेलं. हे आमचे घरचे डॉक्टर. फी घ्यायचे आणि पेढेही घ्यायचे. त्यांनी आधी साखर तपासली. साखर चांगली निघाली. मग दोन दातांचा स्टीलचा काटा काढला, टेबलावर आपटला आणि गुणगुणता काटा तात्यांच्या पायाच्या अंगठ्यावर टेकवला.

"झिणझिण जाणवते का?"

"लावलात का?" तात्यांनी विचारलं.

डॉक्टरांनी घोट्याला लावून पाहिला, नडगीला लावून पाहिला. गुडघ्याला लावला तेव्हा कुठे तात्या म्हणाले, "हां, इथं वाजतोय." मग त्यांना पाय जुळवून उभं केलं आणि डोळे मिटायला सांगितले. डोळे मिटताच तात्या असे झुकले की मी एका बाजूने आणि डॉक्टरांनी दुसऱ्या बाजूने धरलं.

"नसांचं दुखणं आहे," डॉक्टर म्हणाले. "आपल्या नसांवर एक आवरण असतं. ते विरत चाललंय."

"पातेल्याची कल्हई जाते, तसं?"

"अगदी तसं. कल्हई पुन्हा लावता येते, तात्या. पण भांड्याला भोक पडेपर्यंत बसलात तर कल्हईवालाही हात टेकतो. म्हणून कारण लवकर सापडायला हवं." डॉक्टर पेन दातात धरून विचार करत बसले. "तुम्ही शाकाहारी. अंडंही नाही. एरवी मी म्हटलं असतं की बी-बारा हे जीवनसत्त्व कमी पडलंय. ते भाजीपाल्यात नसतं. शाकाहारी माणसाला मिळतं ते दुधा-दह्यातनं. पण पेढेवाल्याला दूध घेता का म्हणून विचारायचं म्हणजे..." ते हसले. "घेता ना?"

तात्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

"घेतात म्हणजे काय!" मी म्हणाले. "रोज चारला ग्लासभर सायीचं दूध. पाच वर्षांत खाडा नाही. मी स्वतः देते."

"मग ते नाही," डॉक्टर म्हणाले आणि कागदावर लिहिलेलं काहीतरी खोडलं. "आठ दिवसांत उतार पडला नाही तर पुण्याला नसांच्या डॉक्टरांकडे जाऊ."

घरी आल्यावर आमच्याकडे कढया घासायला येणाऱ्या हौसाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि हातातली राख झटकून निकाल दिला. "पुन्याला कशाला जाताय? ह्यो वात हाय, वैनी. त्या दुधात चमचाभर हळद घाला, सुंठ घाला, मिरी कुटून घाला. चार दिसांत पळतोय का न्हाई बघा."

मला पटलं. कुणीतरी काहीतरी करायला सांगितलं की बरं वाटतं. चार वाजता मी हळद एक चमचा, सुंठ एक चमचा आणि हात सैल सोडून मिरी घातली. ग्लास नेऊन तात्यांपुढे ठेवला. वासानेच माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

"आज औषध आहे," मी बजावलं. "तळाला गाळ राहू द्यायचा नाही."

"ठेव, गार होऊ दे," तात्या म्हणाले.

थोड्या वेळाने ग्लास मिळाला. तळाला गाळ नव्हता. धुतल्यासारखा लख्ख.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्यावर पोळ मास्तर आले. निवृत्त माणूस. रोज एक पेढा घ्यायचे, तिथेच उभ्या उभ्या खायचे आणि त्या बदल्यात आम्हाला जगाच्या बातम्या सांगायचे. त्या दिवशी पेढा तोंडात टाकला आणि ते बातमी सांगायचंच विसरले.

"शिरीष," ते म्हणाले, "आज पेढ्याला सर्दी झालीय का रे?"

"का हो मास्तर?"

"सुंठ लागतेय. मिरीपण आहे. घशाला छान वाटतंय, त्याबद्दल तक्रार नाही. पण पेढ्याकडून माझी ती अपेक्षा नसते."

शिरीषने एक पेढा फोडून खाल्ला आणि ठसका लागून खोकत सुटला. मी परातीकडे पाहिलं. काल दुपारचा तो छोटा घाणा होता. नेहमीचे पेढे तपकिरी. हे पिवळट दिसत होते, चांगली हळद लागल्यासारखे. मी एक तुकडा जिभेवर ठेवला. माझाच काढा होता. मिरी माझ्याच हातची, तशी जाडसर कुटलेली.

मी एक पेढा उचलला आणि मागे भट्टीपाशी गेले. तात्या लाकडं लावत होते.

"तात्या, कालचं दूध कसं झालं होतं?"

"झकास."

"हळद जास्त नव्हती ना झाली?"

"नाही, नाही. अगदी बेताची."

"आणि मिरी?"

"ती जरा..." तात्यांनी माझा चेहरा पाहिला आणि सावध झाले. "तीही बेताचीच."

मी तळहात पुढे केला. "मग ती ह्या पेढ्यात कशी आली?"

तात्यांनी पेढ्याकडे पाहिलं. मग कढईकडे. मग लाकडं पुन्हा लावायला घेतली. लावलेलीच लाकडं पुन्हा लावत राहिले.

"तोंड लावलेलं नसायचं गं," ते शेवटी म्हणाले. "उष्टं नव्हतं. तसंच्या तसं ओतायचो."

"पाच वर्षं?"

"दूधच ते. कढईत दूधच असतं."

एवढ्यात ठसका आवरून शिरीष मागे आला. मी त्याला एका दमात सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे पाच वर्षं गाव तात्यांचं दूध पितंय!" आणि मग मी सांगितलेलं डॉक्टरांचं बोलणं त्यालाही आठवलं: शाकाहारी माणसाला बी-बारा मिळतं ते दुधातनं.

"तात्या, तुम्ही दूध का घेत नाही?" त्याने विचारलं.

"सोडलंय."

"कधी?"

"गयेला. तुझ्या आईचं पिंडदान केलं तेव्हा."

गयेला गेलं की आवडीची एक वस्तू कायमची सोडून यायची, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. आणि त्यातनं वाट कशी काढायची हेही माहीत असतं. शिरीषची मावशी कारलं सोडून आली होती, जे तिने जन्मात कधी खाल्लं नव्हतं. मामा सीताफळ सोडून आले, कारण बियांचा कंटाळा. तात्या मात्र खरंखुरं दूध सोडून आले होते. दूध, दही, ताक, लोणी, तूप, खवा, सगळं. पेढेवाला माणूस!

आता मला सगळं दिसायला लागलं. चहा कोरा घ्यायचे, तर म्हणे पित्त. दही नको, सर्दी होते. तूप नको, डॉक्टरांनी सांगितलंय. कुठल्या डॉक्टरांनी, ते मी कधी विचारलं नव्हतं. दूध तर घेतायत ना, मग बाकी नसलं तरी चालतंय, असा माझा हिशोब होता.

आम्ही तिघं तसेच डॉक्टरांकडे गेलो. मी सगळं सांगितल्यावर डॉक्टर आधी खुर्चीत मागे रेलून हसले. मग त्यांनी तात्यांना जीभ काढायला सांगितली आणि त्यांचं हसू थांबलं. जीभ लालभडक होती, गुळगुळीत, पाटा झिजल्यासारखी.

"सूनबाई, काय साक्ष दिलीत हो तुम्ही काल," ते म्हणाले. "आणि तात्या, तुम्ही कॅलेंडर वाचत बसलात!"

रक्त काढून साताऱ्याला पाठवलं. डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट येईपर्यंत थांबायचं नाही. इंजेक्शनं आजपासून सुरू. आणि घरी जाऊन पहिलं काम, ग्लासभर दूध."

"ते सोडून बोला," तात्या म्हणाले.

"तात्या, पाय जातील. हात तर निम्मे गेलेच आहेत."

"जाऊ देत. तिच्या नावानं सोडलंय. माझे पाय राहावेत म्हणून आता परत धरू?"

कधी नव्हे तो शिरीष चिडला. "आई असती तर तिनं स्वतः पाजलं असतं तुम्हाला!"

"असती तर सोडलंच नसतं," तात्या म्हणाले.

शिरीष बाहेर जाऊन उभा राहिला. भटजींकडनं काहीतरी वाट काढून आणावी, असं माझ्या मनात येऊन गेलं. खरं सांगायचं तर नंतर मी आणलीही होती. भटजी म्हणाले होते, "म्हशीचं सोडलं असं धरा आणि गाईचं घ्या." त्यावर तात्या म्हणाले, "गयेला मी म्हैस-गाय असा घोळ घातला नव्हता." विषय संपला.

पण ते नंतरचं. त्या दिवशी दवाखान्यात तात्यांनीच विचारलं, "तुमच्या त्या इंजेक्शनात दूध असतं का?"

डॉक्टरांनी छोटी बाटली उजेडात धरली. आत कोकमाच्या पाण्यासारखा लाल रंग होता. "एक थेंब नाही."

"तूप? मलई? काही?"

"काही नाही, तात्या. कारखान्यात तयार होतं."

"मग टोचा की," तात्यांनी बाही वर केली. "मघापासून एवढं भांडताय कशाला?"

रिपोर्ट आला. बी-बारा इतकं कमी होतं की डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, मग महिन्याला, अशी इंजेक्शनं ठरली. महिन्याचं जन्मभर घ्यायचं. दसऱ्याला मोठी कढई विकायची होती, तिला शिरीषने हार घातला आणि विकायचं नाव कुणी काढलं नाही. भट्टीपाशी मी बसू लागले. तात्या बाजूला बसून सांगायचे आणि मी बोटांत खवा चोळायची. माझा खवा निम्म्या वेळा बिघडायचा. पोळ मास्तर पेढा खाऊन म्हणायचे, "सुंठमिरीचे बरे होते."

चार वाजताचं दूध अर्थातच बंद झालं. देऊन करणार काय?

मधल्या काळात तात्यांच्या मुंग्या वाढल्या. पाय जळजळायचे, बोटांत सुया टोचायच्या. तात्या वैतागून म्हणायचे, "हे तुमचं औषध की शिक्षा?" डॉक्टर खूश व्हायचे. म्हणायचे, "नस जागी होतेय. टोचू दे." आम्ही मात्र घाबरलेले असायचो. जागी होतेय की मरतेय, हे बाहेरून कसं कळायचं?

दिवाळी झाली. एका दुपारी मी खवा परतत होते. चिमूट चोळून पाहिली आणि म्हणाले, "झाला."

तात्यांनी नुसताच हात पुढे केला. बरेच दिवस त्यांनी तो केला नव्हता. मी सराट्यावरचा खवा त्यांच्या बोटांवर ठेवला. त्यांनी चोळला आणि डोळे मिटले. मी सराटा धरून तशीच उभी. खाली खवा लागेल याचंही भान राहिलं नाही.

"अजून," ते म्हणाले. "रवाळ नाही झाला. दाणा लागतोय, पण बारीक आहे." मग डोळे उघडले. "कल्याणी, दाणा लागतोय गं."

मला रडूच आलं. शिरीष धावत आला, त्याला वाटलं मी भाजले. तात्या त्याला म्हणाले, "ओरडू नको, सराटा हलव, खवा करपतोय." आणि स्वतः पुन्हा पुन्हा तो चिमूटभर खवा चोळत बसले. पायांचं मात्र पुरतं फिटलं नाही. तळवे बधिर राहिले ते राहिलेच, आणि तात्यांनी पुढे कायम पट्ट्याची सँडल वापरली. पण बोटं आली. त्या दिवशीचे पेढे त्यांनीच उतरवले.

घाणा उतरल्यावर शिरीष गल्ल्यावर गेला. आम्ही दोघं भट्टीपाशी पेढे वळत बसलो. मला इतक्या दिवसांचं विचारायचं होतं, ते मी तेव्हा विचारून घेतलं.

"तात्या, पहिल्याच दिवशी मला का नाही सांगितलंत? मला वाईट वाटेल म्हणून?"

त्यांनी हातातला पेढा वळून परातीत ठेवला.

"गयेला पंड्यानं विचारलं, आवडीचं काय सोडताय," ते म्हणाले. "मी दूध म्हटलं. म्हटलं, आता हीच नाही, तर चार वाजता आपल्यापुढं ग्लास आणून ठेवणारं कोण आहे? जे सुटलंच आहे ते सोडायला काय जातंय? मला वाटलं, मी आपलं शिरीषच्या मावशीसारखं कारलंच सोडलं." ते जरा हसले. "तीन महिन्यांत तू आलीस. आणि चौथ्या दिवशी चारच्या ठोक्याला ग्लास घेऊन समोर उभी."

"मग तेव्हा सांगायचं ना, तात्या! एवढे हाल करून घेतलेत."

"सांगितलं असतं," तात्या म्हणाले, "तर दुसऱ्या दिवशी तू आणला नसतास."

मी उठून आत गेले. काय करावं सुचेना. फडताळात आवळ्याचा पाक होता, त्याचं सरबत केलं, त्याच ग्लासात ओतलं आणि घेऊन आले.

तात्यांनी ग्लास दोन्ही हातांत धरला. गार होऊ दे म्हणाले नाहीत. माझ्यासमोरच बसून सगळा प्यायले.